पाठीवर नाव नसलेला बाक

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमच्या घराजवळच्या बागेतला एक बाक दाखवलात. तळ्याकाठचा, लाकडी पट्ट्यांचा, अर्धा बर्फाखाली. "आजी, ह्याच्या पाठीवर आजोबांच्या नावाची पितळी पाटी लावायची आहे, तू फक्त हो म्हण," असं मोठी म्हणाली, आणि धाकटा मागून पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचत होता. मी हो म्हटलं नाही. तुमचे चेहरे इतके खुश होते की तिथल्या तिथे नाहीही म्हणवेना. लिहून कळवते म्हणाले होते. म्हणून आज हे लिहिते आहे, आणि उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत आशा लागून राहायला नको: नाही. पाटी लावायची नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, त्यामुळे मला ते जड नाही. पण ह्या विषयावर मी जी भांडणं केली ती मराठीत आणि हिंदीत केली, आणि त्यांचं भाषांतर करायची माझी तयारी नाही. अडेल तिथे बाबाला विचारा. त्यानं त्यातली निम्मी भांडणं ऐकलेली आहेत.

मी अंबरनाथला एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. टाक्या, पाइप, बॉयलर, असल्या गोष्टींची ड्रॉइंग्ज काढत असे. आजोबांची तिथल्याच इंडस्ट्रियल एरियात शेड होती: गेट, खिडक्यांच्या ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड. कंपनी बंद पडली तेव्हा मी माझा ड्रॉइंग बोर्ड रिक्षात घातला आणि शेडच्या कोपऱ्यात नेऊन उभा केला. "इथे काय काढणार तू?" आजोबांनी विचारलं. "काहीतरी काढीन," मी म्हटलं.

थोड्याच वर्षांत अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या. प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये सतरंजीएवढी बाग, आणि त्या बागेत ठेवायला बिल्डरला लोखंडी बाक आणि खुर्च्या हव्या असत. "मॉडर्न पाहिजे," असं प्रत्येक जण म्हणायचा आणि खिशातून मोबाइल काढून परदेशातल्या बागेचा फोटो दाखवायचा. "सेम टू सेम."

सेम टू सेम मी कधीच करून दिलं नाही. त्या फोटोतले बाक सुंदर होते, पण त्यांवर बसणारी माणसं वेगळी. आपली माणसं बाकावर बसली की थोड्या वेळानं एक पाय वर घेतात, मग दुसरा. त्यासाठी बैठक खोल लागते. बायकांच्या साड्या असतात, त्यामुळे सळीचं एकही टोक, बोल्टचं एकही डोकं उघडं राहून चालत नाही. काठ अडकला की पहिल्यांदा साडी फाटते आणि मग बाकाला शिव्या बसतात. म्हाताऱ्या माणसाला उठताना टाचा मागे ओढून घ्याव्या लागतात, आणि बहुतेक बाकांना नेमकी तिथेच आडवी सळी मारलेली असते. मी ती काढून टाकली आणि मजबुतीसाठी पायांचा कोन बदलला. हात टेकायचा दांडा बैठकीच्या थोडा पुढे आणला, उठताना ढकलायला.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. शिवमंदिराच्या आवारात बसून पाहिलं. मी काही देवळात जाणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. माझं जाणं पायऱ्यांपुरतं. दर्शन घेऊन आलेली माणसं तिथे टेकत, आणि मी त्यांचं उठणं बघत असे. गुडघ्यावर हात, शेजारच्याच्या खांद्यावर हात, "आई गं", आणि मग उभं. एक बाई मला म्हणाली, "तुम्ही रोज येता, पण आत नाही जात?" मी म्हटलं, "माझं काम बाहेरच असतं." तिनं मला फुलवाली समजून हाराचा भाव विचारला.

आता मुद्द्यावर येते. बदलापूरला, आम्ही राहायचो त्या बेलवलीच्या बाजूला एक बाग व्हायची होती, आणि तिथल्या एका पुढाऱ्यानं बाकांची सगळी ऑर्डर आमच्याकडे दिली. तेवढं काम शेडला आधी कधी मिळालं नव्हतं. मी नवीन डिझाइन केलं. बैठक अरुंद पट्ट्यांची, मधून पाणी गळेल अशी. पाइपाची तोंडं बंद, तळाशी पाणी जायला एक बारीक भोक. आणि पाठ उभ्या गोल सळ्यांची, किंचित मागे कललेली, सळीसळीत दोन बोटांचं अंतर. एप्रिलच्या उन्हात लोखंडाचा सपाट पत्रा तव्यासारखा तापतो, सळ्या लवकर निवतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिले काही बाक तयार झाले, रंग बाकी होता, तेव्हा पुढाऱ्याचा माणूस बघायला आला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. बाकाभोवती त्यानं एक फेरी मारली, बसून पाहिलं, उठून पाहिलं.

"मॅडम, बाकडा एक नंबर. पण साहेबांचं नाव कुठेय?"

"नाव नाही."

"म्हणजे नंतर टाकणार?"

"म्हणजे नाही."

तो समजूतदारपणे हसला. "अहो मॅडम, उद्घाटन आहे. साहेब काय बघून फीत कापणार? पाठीला एक पत्रा मारून द्या, स्टिकर आम्ही आणतो. नाव, फोटो, खाली वॉर्ड."

"पाठीला लोकांची पाठ टेकते. माणूस बसला की तुमचे साहेब झाकले गेले."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "माणूस उठेल ना कधीतरी."

आजोबा वेल्डिंगच्या मास्कमागे होते. तोंड दिसलं नाही, पण खांदे हलताना मी पाहिले.

"मग खाली मारा, सीटच्या पुढे," तो म्हणाला.

"तिथे टाचा लागतील. साहेबांच्या तोंडाला."

हे ऐकून मात्र तो खरंच घाबरला. इकडेतिकडे पाहिलं, जणू साहेब ग्रिलच्या ढिगाऱ्यामागे उभे आहेत. मग एक मोबाइल कानाला लावून बाहेर गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "मॅडम, पत्रा लागणारच. नाहीतर काम दुसरीकडे जाईल. साहेबांनी सांगितलंय."

"जाऊ दे," मी म्हटलं.

आजोबांनी मास्क वर केला. आता खांदे हलत नव्हते.

डबा खाताना ते म्हणाले, "एक पत्रा आहे. त्यानं काय बुडतं?"

"पत्रा मारायचा असता तर मी उभ्या सळ्या काढल्याच नसत्या."

त्यांनी घास खाली ठेवला. "म्हणजे नाव लिहिताच येऊ नये म्हणून तू मुद्दाम…"

"मुद्दाम."

"आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आडवी पट्टी घालायला लावली असती."

"लावली असतीच," ते म्हणाले. "शेडमध्ये माणसं आहेत कामाला. तुझ्या वडिलांचा पार मला माहीत आहे, पण त्यांना काय सांगू मी? पारामुळे घरी बसा?"

तो पार तुम्हाला माहीत नाही. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, खेड्यातले. गावात पिंपळाला दगडी पार होता आणि त्याच्या दर्शनी दगडावर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. पणजोबा लहान असताना डोक्यावरचं लाकडाचं ओझं उतरवून त्या पारावर टेकले. त्या नावाचा वारस समोरच्या ओट्यावर बसला होता. त्यानं शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तो एवढंच म्हणाला, "ऊठ. नाव वाचता येत नाही का?" खरोखरच वाचता येत नव्हतं. पुढे ते शाळेत गेले, आणि सांगायचे की अक्षरं जुळवून वाचलेला माझा पहिला शब्द म्हणजे त्या माणसाचं नाव. नंतर अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, छप्पन साली दीक्षा घेतली, मला इंग्रजी शाळेत घातलं. क्वार्टरच्या दारात त्यांनी एक लोखंडी खुर्ची कायमची टाकून ठेवली होती. पोस्टमन, भाजीवाला, अनोळखी माणूस, जो थांबेल त्याला "बसा" म्हणायचे. खुर्चीवर रंगसुद्धा नव्हता, नाव कुठलं.

वारसानं पाराचा उल्लेख केला नव्हता, जातीचाही नाही. नावाचा केला होता. जिथे देणाऱ्याचं नाव असतं तिथे 'ऊठ' म्हणणारा कुणीतरी तयार असतो. आज नसला तर उद्या येतो. हे मी पणजोबांकडून शिकले आणि त्यात मला आजवर अपवाद सापडलेला नाही. आपल्या विहारातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्यांची नावं रंगवलेली आहेत. त्याबद्दल मी तिथे बोलले तेव्हा एक उपासिका म्हणाली, "असू दे हो ताई, पंखा फिरला की वाचता येत नाही." तेवढ्यासाठी मी उन्हाळ्यात विहारात जाणं पसंत करते.

तर, ऑर्डर गेली. ती घेतली उल्हासनगरच्या एका फर्निचर व्यापाऱ्यानं. सिंधी माणूस, आमचा जुना ओळखीचा, आमच्या ग्रिल तोच विकायचा. आधी सरळ आमच्याकडे आला, हे त्याचं चांगलं.

"भाभी, मी सांगतो ते ऐका. डिझाइन तुमचं, पत्रा माझा. तुम्ही बाकडा द्या, पत्रा मी माझ्या दुकानात मारतो. तुमच्या हाताला पाप नको, बस?"

"नको."

"अरे, पण नाव नाही तर बाकडा कोणाचा? अनाथ आहे काय?"

"ज्याचे पाय दुखतात त्याचा."

त्यानं आजोबांकडे पाहिलं. "साईं, घरात पण असंच बोलतात?"

"घरात जास्त," आजोबा म्हणाले.

तो चहा पिऊन गेला आणि मग त्यानं तेच डिझाइन पाहून बाक करून घेतले, पाठीला पत्रा मारून. मी त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, "भाभी, बघितलं ते डोळ्यात राहिलं, मी काय करू?" बागेचं उद्घाटन झालं. आमच्या शेडमध्ये कित्येक महिने फक्त खिडक्यांच्या ग्रिलचं काम होतं. त्या दिवसांत आजोबा माझ्याशी फक्त मापांबद्दल बोलले. मीही मापंच सांगितली.

तयार झालेले बाक शेडच्या भिंतीशी उभे होते. येता-जाता सगळ्यांना अडायचे. शेवटी आजोबाच म्हणाले, "ह्यांचं काय करायचं?"

"बाहेर ठेवायचे."

"कुठे?"

"माणसं उभी असतात तिथे."

त्यांनी वाद घातला नाही. टेम्पो बोलावला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, आम्ही एक बाक बेलवलीतल्या पिठाच्या चक्कीसमोर ठेवला, बदामाच्या झाडाखाली. तिथे बायका दळणाचे डबे घेऊन ताटकळत असत. पायांना काँक्रीट केलं. एक रिक्षा स्टँडला ठेवला, एक आणखी पुढच्या नाक्यावर. परवानगी कुणाची घेतली नाही. विचारलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, कुणाच्या नावानं?

आता गंमत ऐका. चक्कीसमोरच्या बाकावर कुणी बसेना.

मी रोज चक्कीवर जाई, दळण असो नसो. बायका बाकाशेजारी उभ्या. डबे जमिनीवर. "कुणी दिला?" "कुणास ठाऊक." "निवडणूक आली असेल." "नवसाचा असेल हो." एका सकाळी बैठकीच्या पट्टीत कुणीतरी उदबत्ती खोचलेली दिसली. चक्कीवाला सगळ्यांना एकच सांगत होता, "उद्घाटन व्हायचंय अजून." त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण नवा बाक आहे, नाव नाही, म्हणजे पाटी यायची आहे, फीत कापायची आहे, हा त्याचा हिशेब. आणि उद्घाटनाआधी बसायचं कसं, हा सगळ्यांचाच.

तुम्ही म्हणाल, आजी, तू का नाही बसलीस? बसले असते तर तो माझा झाला असता. सगळ्यांनी ओळखलं असतं, फॅब्रिकेशनवाल्या बाईचा बाक. मी डबा घेऊन उभी राहिले. गुडघे तेव्हाही दुखत होते.

मग एक दिवस मासळीवाली आली. जवळच्या गावातली, माझ्या वयाची, डोक्यावर मासळीची पाटी, सकाळपासून फिरून दमलेली.

"कोनाचा हाय गो ह्यो बाकडा?"

"माहीत नाय मावशी," चक्कीवाला आतून म्हणाला. "उद्घाटन व्हायचंय."

"कोन करनार?"

"ते पण माहीत नाय."

"मंग मीच करते," ती म्हणाली. पाटी बाकाच्या एका टोकाला ठेवली, दुसऱ्या टोकाला बसली, पाठ टेकली, एक पाय वर घेतला. आणखी थोड्या वेळानं दुसरा. "झाला उद्घाटन. या आता सगल्या. हुबं ऱ्हाऊन पीठ लवकर पडत नाय."

बायका हसल्या आणि बसल्या. मीही बसले, सगळ्यांत शेवटी, टोकाला, पाटीजवळ. वास दिवसभर पदराला होता.

संध्याकाळी मी आजोबांना म्हटलं, "उद्घाटन झालं."

"कुणाच्या हस्ते?"

"मासळीवालीच्या."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

त्या दिवसापासून आजोबा माझ्याशी मापांखेरीज इतर विषयांवरही बोलायला लागले.

पुढच्या उत्सवात मंडपवाले चक्कीसमोर खांब रोवायला आले. त्यांच्याबरोबर तोच पांढऱ्या शर्टचा माणूस होता. त्या दिवशी आजोबा दळण घेऊन गेले होते, त्यामुळे हे मी त्यांच्या तोंडून सांगते. बाकावर बायका बसलेल्या. त्यानं सांगितलं, "उठा, बाकडा हलवायचाय."

कुणी हललं नाही.

"हा बाकडा कोणाचा आहे? कोणाच्या परवानगीनं बसलात?"

एक म्हातारी म्हणाली, "कोणाच्या परवानगीनं उठायचं ते तू आधी सांग."

त्यानं बाकाभोवती फेरी मारली. पाठीवर, हातांवर, खाली वाकून बैठकीच्या पुढेही पाहिलं. नाव सापडलं असतं तर त्या माणसाला फोन लावला असता, आणि तो माणूस, कुणीही असता तरी, "हलवा" म्हणाला असता. त्यानं मोबाइल हातात धरून ठेवला. लावायला कुणी नव्हतं. "उचल की," म्हातारी म्हणाली, "आमच्यासकट उचल." मंडपाचा खांब चार पावलं पलीकडे रोवला गेला.

हे आजोबा उभे राहून सांगत होते. त्या माणसाचं वाकून बघणं त्यांनी करून दाखवलं, पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "तुझा पार फिटला." मी म्हटलं, "फिटला बिटला काही नाही. उद्या कुणीतरी स्टिकर आणेल."

आणलेच. स्टिकर गोल सळ्यांना धरत नाहीत, पण फ्लेक्स बांधता येतो, आणि वाढदिवस आला की लोक बाइंडिंग वायरनं फ्लेक्स बाकाच्या पाठीला बांधून टाकत. तेव्हापासून आजोबा सकाळी फिरायला जाताना खिशात पक्कड ठेवायला लागले. कुणाचाही फ्लेक्स असो, ह्या पक्षाचा, त्या पक्षाचा, आपल्या जयंतीचासुद्धा. तारा कापायच्या, फ्लेक्स नीट घडी घालून चक्कीवाल्याकडे द्यायचा. पावसाळ्यात तो गोण्यांवर घालायचा. जयंतीचा फ्लेक्स काढला तेव्हा विहारातली पोरं घरी आली. "काका, आपलाच होता." आजोबा म्हणाले, "म्हणून तर आधी काढला. बाबासाहेबांना टेकून कुणी बसलेलं मला बघवणार नाही."  त्या पोरांतल्या एकानं नंतर फ्लेक्ससाठी विहाराबाहेर वेगळा स्टँड करून घेतला, आमच्याच शेडमधून.

आणि बागेतले ते पत्र्याचे बाक? पत्रा आणि सळीच्या मधे पाणी साठतं, तिथून गंज धरतो, हे होणारच होतं. पुढारी बदलला, नव्यानं जुन्याच्या नावावर रंग मारून आपलं घातलं. ऊन लागलं की दोन्ही नावं एकात एक वाचता येतात. खरं सांगायचं तर माणसं त्याही बाकांवर बसतात, आणि बसावीतच. पाय दुखणाऱ्या माणसानं नाव वाचत बसू नये. पण उन्हाळ्यात तिथे सगळे पुढे वाकून बसलेले असतात. पाठ टेकत नाहीत.

मग ह्या वर्षी आजोबा गेले. पुण्यानुमोदनाला आलेल्यांपैकी दोघांनी मला विचारलं, "चक्कीच्या बाकाला काकांचं नाव देऊ या का?" भलेपणानं विचारलं, तुम्ही विचारलंत तसंच. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ज्या माणसानं इतकी वर्षं तारा कापल्या, त्याचं नाव त्याच बाकाला बांधलं तर ते कापायला कोण जाणार? मलाच जावं लागेल.

तुमची बाग परदेशातली आहे, तिथे पाटी बघून कुणी कुणाला उठवत नाही, असं तुम्ही म्हणाल. असेलही. तुम्ही अजून लहान आहात आणि तो देश मला नीट माहीत नाही. पण आजोबांच्या नावाची काळजी करू नका. तुमच्या बाबाच्या पूर्ण नावात मधोमध ते आहेच, आणि पासपोर्ट दाखवताना त्याला ते दर वेळी सांगावं लागतं. तेवढं पुरे. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर बर्फ वितळल्यावर त्या बाकावर जाऊन बसा. टाचा मागे जातात का पाहा, उठताना हात कुठे टेकतो ते पाहा, आणि मला कळवा. शेजारी कुणी उभं असेल तर सरकून जागा द्या. बागवाल्यांना नावाशिवाय बाक चालत असेल तर एक द्या. चालत नसेल तर राहू द्या.

शेड आता नाही. नाक्यावरचा बाक रस्ता रुंद झाला तेव्हा गेला, रिक्षा स्टँडचा कुणी नेला कळलं नाही. पक्कड माझ्या पर्समध्ये असते. चक्कीसमोरचा बाक अजून आहे, बदामाच्या झाडाखाली, आणि त्याच्यावर नाव नाही.

तुमची,
आजी